राउटर वहिनींनी बिघडवला नाही

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला फार कष्ट पडले असंही नाही. तिची एक खोटी आवृत्ती आमच्या घरात आधीच रूढ झाली होती, आणि ती इतकी मजेदार होती की खरी कुणी मागितलीच नाही. त्या आवृत्तीत माझ्या वहिनी ओल्या फडक्याने राउटर पुसतात आणि ऐन नातीच्या बारशाला इंटरनेट बंद पडतं. आमच्या हिने ती सोसायटीत सांगून सांगून पुसण्याचं धुणं केलं. एका दिवाळीत तर वहिनींनी राउटर साबणाच्या पाण्यात बुचकळून काढल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी हसलो. वहिनीही हसल्या. त्या हसल्या, म्हणून मी ठरवून टाकलं की त्यांना काही वाटत नाही.

जिचं ते बारसं, ती नात गेल्या हिवाळ्यात अमेरिकेहून आली होती. आता चांगली उंच झाली आहे. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून तिने विचारलं, "आबा, राउटर धुणारी आजी हीच ना?" वहिनींची तिला एवढीच ओळख. म्हणून आता लिहितो आहे.

मी रिफायनरीतून निवृत्त झालेला माणूस, इन्स्ट्रुमेंट विभागातला. टाक्या आणि पाइपांमधलं प्रेशर, तापमान, पातळी दाखवणारी उपकरणं नीट ठेवणं हे आमचं काम. निवृत्तीनंतर गोत्री भागातल्या फ्लॅटमध्ये माझ्या हाताखाली उपकरणं उरली तीन. गीझरला एकच बटण होतं आणि मिक्सरवर हिचा ताबा होता. राहिला राउटर.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. तार भिंतीतून निघून एका काळ्या डब्यात शिरायची आणि डब्यावर हिरवे दिवे लागायचे. कंपनीचा माणूस तो बसवून गेला. कॉम्प्युटरवर डब्याचं स्वतःचं असं एक पान उघडून त्याने युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, दोन छोटे आकडे टाकले. त्याचं काम होईपर्यंत मी पाठीमागे हात बांधून, मान डोलवत उभा होतो, जणू मीच त्याची परीक्षा घेतो आहे. लिहून काही घेतलं नाही. ज्यात आपली हयात गेली ते लिहून काय घ्यायचं?

पुढे मी ते पान रोज उघडून बघायला लागलो. ही म्हणायची, "देवासमोर बसत नाही एवढा वेळ त्याच्यासमोर बसता."

आता वहिनींचं सांगतो. त्या माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे माझी अक्कल किती हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. दादा गेल्यावरही त्या जुन्या शहरात, वाडी भागातल्या आमच्या जुन्या घरातच, वरच्या मजल्यावर राहत होत्या.

आमच्या घराण्यात बारशाला गायचा एक खास पाळणा होता. आमचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी बायकोने तो रचला, असं आई सांगायची. तो कुठे छापलेला नव्हता. आईने तो वहिनींना शिकवला, आणि माझ्या मुलाच्या बारशाला वहिनींनीच म्हटला. आमच्या हिला तो आला नाही. हिचा सूर फक्त खंडेराव मार्केटमध्ये लागतो, भाव करताना.

पण दादा गेले आणि वहिनी मागे सरल्या. बारसं असो की डोहाळजेवण, त्या स्वयंपाकघरात असायच्या, बाहेर यायच्या नाहीत. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यात ते सांगावं लागत नाही आणि, हेही लिहायला हवं, पुढे या असंही आम्ही कुणी म्हटलं नाही.

म्हटलं ते माझ्या मुलाने. त्याला मुलगी झाली तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावरून तो म्हणाला, "काकू, पाळणा तू म्हणायचा. तिथून, सगळ्यांसमोर."

"अरे मेल्या, माझ्यासारखीनं?"

"तू म्हणणार नसशील तर नाव ठेवतच नाही. शाळेतसुद्धा बाळीच म्हणतील तिला."

"मग तुझ्या पोरीच्या लग्नपत्रिकेवर पण बाळीच छाप," वहिनी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. होकार द्यायला त्यांनी बरेच दिवस घेतले. मग मात्र वाडीत जो भेटेल त्याला सांगत सुटल्या. त्यांच्या गुजराती शेजारणीने मला मार्केटमध्ये थांबवून सांगितलं, "तमारां भाभी तो आखो दिवस गाय छे!" म्हणजे वहिनी दिवसभर गात होत्या.

बारसं तिकडे शनिवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी.

त्याच आठवड्यात बागेतल्या बाकावर आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँकवाले मला म्हणाले, "मारे तो नेट पाणीनी जेम चाले छे. तमारे अटके छे?" माझं अटकत होतं. पडद्यावर मुलगा तोंड उघडायचा आणि शब्द मागून यायचे. बँकवाल्यांकडे दुसऱ्या कंपनीची लाइन होती. मी सहज विचारल्यासारखं करून त्यांचे ते दोन आकडे विचारले. आठ आणि पस्तीस. माझे होते शून्य आणि पस्तीस.

हे आकडे म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या वाटेचा पत्ता. तो कंपनी ठरवते आणि जो दिला तोच ठेवायचा असतो. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला प्लँट आठवला. प्लँटमध्ये काटा शून्यावर दिसला की आम्ही दोनच अर्थ लावायचो: लाइन रिकामी आहे किंवा उपकरण मेलं आहे. माझ्या राउटरमध्ये कुणीतरी शून्य ठेवून गेलं आहे आणि आजवर ते कुणाच्या लक्षात आलं नाही, या विचाराने मला जो आनंद झाला तो लपवता येण्यासारखा नव्हता. ही म्हणाली, "कशाला हसताय एकटेच?"

रविवारी सकाळी सगळे यायच्या आत मी ते पान उघडलं, शून्य खोडलं, आठ लिहिला आणि सेव्ह केलं. राउटरचे दिवे विझले, पुन्हा लागू लागले. एक हिरवा झाला, दुसरा हिरवा झाला. इंटरनेटचा दिवा लाल झाला आणि लालच राहिला.

इथे कुणीही शहाणा माणूस आठ खोडून शून्य लिहील. मी लिहिलं नाही. शून्य परत लिहिणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि खोलीत दुसरं कुणी नसतानाही मला ते जमेना. मला वाटलं, डबा अडकला आहे, त्याला एकदा मुळापासून चालू केलं पाहिजे. मागे एक बारीक भोक होतं. हिच्या साडीची सेफ्टी पिन घेऊन मी ती भोकात दाबली आणि दाबून धरली.

डबा मुळापासून चालू झाला खरा. इतका मुळापासून, की आकडे, युजरनेम, पासवर्ड, कंपनीच्या माणसाने घातलेलं सगळं पुसलं गेलं. पान उघडलं तर चौकटी रिकाम्या. त्यात काय भरायचं ते मी मान डोलवत पाहिलेलं होतं.

तेवढ्यात दारावर वहिनी. नवी इरकल साडी, हातात सुंठवड्याचा डबा. "काय हो भावजी, चेहरा असा का? बारसं तुमचं आहे का?"

त्या आल्या की आधी हातात फडका घ्यायच्या, सवयच होती. शोकेस पुसलं, टीव्ही पुसला. राउटरपाशी येऊन म्हणाल्या, "बाई, केवढी धूळ! एवढीशी पेटी, तिला तुमच्या दादांपेक्षा जपता आणि धूळ पुसत नाही?" आणि त्यांनी तो पुसला. फडका ओला होता, हे खरं. दिवा लाल होता, हेही खरं. तो त्या येण्याआधीपासून लाल होता. मी सोफ्यावर बसून बघत होतो.

बायका जमल्या. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली होती, घुगऱ्यांचं पातेलं मधोमध होतं. वहिनी पडद्यासमोर खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी घसा साफ केला. मी उगाच माऊस हलवत होतो.

"लागत नाहीये का?" हिने विचारलं.

"बघतोय."

"मघाशी तर त्यातच डोकं घालून होतात. काय झालं काय?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. प्लँटमध्ये ज्याला साहेब म्हणत असा मी, एका लाल दिव्यासमोर. मी म्हणालो, "वहिनींनी ओल्या फडक्याने पुसला ना. पाणी गेलं आत."

मी ते रागावून म्हटलं नाही. अगदी समजुतीच्या सुरात म्हटलं, मोठ्या मनाने.

वहिनींनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग त्या खुर्चीवरून उठल्या.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. टेलिफोन व्यवस्थित चालू होता. तीच तार, तीच लाइन. डब्यात पाणी गेल्याचं माझ्याकडून ऐकून पलीकडून मुलगा म्हणाला, "बाबा, राहू दे ते नेट. काकूला फोन दे. फोनवर म्हणू दे, मी स्पीकर लावतो." मी रिसीव्हर वहिनींपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. लांबूनच मोठ्याने बोलल्या, "बाळा, राहू दे रे. तरी मी म्हणत होते. मी पुढे व्हायलाच नको होतं."

"काकू, डब्यात पाणी गेलं, त्याचा काय संबंध?"

"पुढे झाले म्हणूनच गेलं ना? आईला म्हणू दे. नाव ठेवा वेळेवर."

संबंध काय ते त्याला नाही कळलं. मला कळलं, आणि रिसीव्हर माझ्याच हातात होता. एक वाक्य पुरलं असतं: पाणीबिणी काही नाही, मी बिघडवलाय. मी म्हणालो, "बरं, मग तुम्ही करून घ्या तिकडे." त्यांनी कॉम्प्युटरवरचा कुठला तरी पाळणा लावला आणि नाव ठेवलं. वहिनी आत जाऊन सुंठवड्याच्या पुड्या बांधत बसल्या.

खोटं बोलणं सोपं असतं; ते पुढे सांभाळण्यात मेहनत जाते. दुसऱ्या दिवशी मी राउटर गच्चीवर उन्हात ठेवला. हिने शेजारी सांडगे घातले होते. दुपारी जाऊन मी दोन्ही उलटवून आलो. मग ही भिशीला गेल्याचं बघून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एका मुलीने युजरनेम सांगितलं, नवा पासवर्ड दिला आणि म्हणाली, "काका, आता पहिल्या चौकटीत शून्य लिहा." मी शून्य लिहिलं. दिवा हिरवा झाला. संध्याकाळी मी जाहीर केलं, "वाळला!"

"बघा, ऊन किती चांगलं," ही म्हणाली.

त्यानंतर वहिनींनी आमच्या घरात फडका हातात घेतला नाही. आल्या की मांडीवर हात ठेवून बसायच्या. ही म्हणायची, "जाऊबाई, टीव्ही लावा ना," तर त्या म्हणायच्या, "तूच लाव बाई, माझा हात नको," आणि सगळ्या हसायच्या. दुसरा नातू झाला तेव्हा मुलाने पुन्हा गळ घातली. वहिनींनी ऐकलं नाही. तू निदान शिकवून तरी ठेव कुणाला, असंही तो म्हणाला. तेही त्यांनी केलं नाही. नाट लागलेली वस्तू दुसऱ्याच्या पदरात कशाला घालायची, असं म्हणाल्या.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. वाडीतला तो जिना मी कबुली द्यायला किती वेळा चढलो असेन. पण माझा स्वभाव मुळात समजावून सांगण्याचा. एकदा धीर करून म्हटलं, "वहिनी, त्या राउटरचं असं झालं होतं..." आणि कबुलीआधी त्यांना यंत्रणा कळावी म्हणून वाटी म्हणजे एक्स्चेंज, पळी म्हणजे तार असं मांडून बसलो. आकड्यांपर्यंत आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, मला कशाला शिकवता? मी काही आता त्याला हात लावायची नाही. आणि ती पळी द्या इकडे, आमटी उतू जातेय." मी पळी दिली, आमटी प्यायलो आणि घरी आलो.

शेवटी त्या आजारी पडल्या तेव्हा मात्र मी ठरवूनच गेलो. वाटी नाही, पळी नाही, एक वाक्य. रिक्षात बसून ते पाठ केलं होतं. त्या खिडकीशी उशांना टेकून बसल्या होत्या. आईच्या आजारपणासाठी येऊन राहिलेली पुतणी चहा टाकायला आत गेली. मी खुर्ची पुढे ओढली.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "एक मनात राहिलंय, भावजी."

"बोला ना."

"तुमची ती पेटी. बारशाच्या दिवशीची." त्या थांबत थांबत बोलत होत्या. "त्या दिवशी एकदा बोललात तेवढंच. मग कधी शब्दाने टोचलं नाहीत. दुसरा कुणी असता तर जन्मभर ऐकवलं असतं. आणि मी मेली हसण्यावारी नेत राहिले, एकदा नीट माफी मागितली नाही तुमची. चुकलं हो माझं."

माझं वाक्य तयार होतं. तोंडही उघडलं होतं.

"असू द्या, वहिनी," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

त्यांना फार बरं वाटलं. उशीला डोकं टेकून त्या जरा हसल्या, आणि चहा आला तेव्हा, कित्येक दिवसांत नव्हे तो, आणखी अर्धा कप मागितला. पुतणीला केवढा आनंद झाला. त्यानंतर मी बोललो असतो तर कुणाला आवडलं असतं, असं मी जिना उतरताना स्वतःला समजावलं, आणि ते मला लगेच पटलं. पुढच्या वेळी गेलो ते त्यांना पोहोचवायलाच.

पाठ केलेलं वाक्य असं होतं: वहिनी, तुमच्या हाताने काही बिघडलं नाही, तो दिवा तुम्ही येण्याआधीच लाल होता, तो मी केला आणि आळ तुमच्यावर घातला, मला माफ करा आणि तो पाळणा एकदा म्हणा.