पाचवा चिरा

लहानूदादा गेल्याचं मला नाशिकरोडच्या भाजीबाजारात कळलं. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडून त्यांचा मुलगा यशवंत सांगत होता, "बाई, बाबा गेले. काल सकाळी, अंगणात बसल्या बसल्या." मी त्याला दोनदा विचारलं, कोण गेले म्हणून. जणू त्याला दोन-चार बाबा होते! यशवंत माझा विद्यार्थी. पेठ तालुक्यातल्या त्यांच्या पाड्यावर मी अकरा वर्षं शाळेत शिकवलं आणि त्यातली निदान दहा लहानूदादांशी वाद घालण्यात घालवली. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे लगेच जाणं झालं नाही. गेले ती नवी नागली, म्हणजे नाचणी, निघाल्यावर, पाच-सहा आठवड्यांनी.

पाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर, ओळीने पाच चिरे उभे आहेत. अवेळी मेलेल्या माणसासाठी तिकडे दगड कोरून उभा करतात, तो चिरा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, श्रावणातल्या धुक्यात, एक बॉम्बफेकी विमान त्या डोंगरावर आपटलं. लष्कराची माणसं आली, प्रेतं घेऊन गेली आणि पत्र्याच्या तुकड्याला जरी हात लावलात तरी तुरुंगात टाकू, असं बजावून गेली. मेलेले गोरे पाड्यावरच्यांचे कोण लागत होते? कोणीच नाही. पण परमुलखात मेलेला माणूस उपाशी फिरत राहतो, त्याचं कोणीतरी करायला हवं, म्हणून दादांच्या वडिलांनी पुढाकार घेऊन चिरे बसवले. कोरणाऱ्याला वीर म्हणजे घोड्यावरचा एवढंच ठाऊक. त्याने वर सूर्य-चंद्र आणि खाली घोडेस्वार कोरले. विमानातली माणसं घोड्यावर बघून मी पहिल्यांदा खो खो हसले होते. दादा शांतपणे म्हणाले, "घर लय लांब हाय त्यांचं. पायी कसं जातील?" माझं हसू तिथेच जिरलं.

वडिलांमागे हे सगळं दादांकडे आलं. नवी नागली निघाली की पहिल्या पाच भाकरी त्या पाच चिऱ्यांना, वर मोहाच्या दारूचे चार थेंब. तोवर घरात कोणी नव्या दाण्याला शिवायचं नाही. पुढे द्राक्षांच्या कामाला निफाडकडे उतरायचं असायचं, मुकादमाची गाडी खाली येऊन हॉर्न वाजवत राहायची, पण दादा भाकरी ठेवल्याशिवाय हलायचे नाहीत. मुकादम शिव्या घालायचा, ते ऐकून घ्यायचे. चिरे पाचच का, हे मी विचारलं होतं. म्हणाले, बापाला डोंगरावर नऊ बूट सापडले. चार जोड्या म्हणजे चार माणसं, वरच्या एका बुटाचा पाचवा. बुटांवरून माणसं मोजायची ही तऱ्हा मला इतकी आवडली की चौथीच्या वर्गात मी ती गणित म्हणून घातली. पोरं पोट धरून हसली. यशवंत त्याच वर्गात बसलेला होता...

मग एक वर्षी वरून निरोप आला. त्या विमानात मेलेल्या एकाचा पुतण्या परदेशातून जागा बघायला येणार होता. सोबत यादी आली. नावं चार. झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. ग्रामपंचायतीकडून बोर्ड करून घेतला, चार नावं स्वतः रंगवली आणि दादांना म्हटलं, आता पाचवा दगड काढून बाजूला ठेवू, उगाच पाहुण्यासमोर शोभा नको. दादा म्हणाले, "कागदावं चार असतील, बाई. आमच्याकडं पाच हायेत." मी समजावलं, रागावले, शेवटी तुम्ही अडाणीपणा करताय असंही बोलून गेले. पाहुणा आला त्या दिवशी दादा सकाळपासून पाचव्या चिऱ्याला पाठ लावून बसून राहिले. म्हाताऱ्या पाहुण्याने चार हार आणले होते, ते चार चिऱ्यांना घातले. दादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पाचव्याला गुंडाळला. माझा अगदी तिळपापड झाला. वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नाही. पुढच्या नागलीला, तोवर माझी बदली झाली होती, एसटीच्या कंडक्टरबरोबर पिशवीभर पीठ आलं आणि निरोप, भांडण जुनं झालं म्हणावं. त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

परवा गेले तेव्हा सखूवहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, भाकरी टोपलीत घेऊन निघतच होत्या. यशवंतच्या हाताला धरून मीही चढले. बोर्डावरचा माझा रंग उडालाय, नावं मात्र वाचता येतात. वहिनींनी पाच भाकरी ठेवल्या. पाचव्यापाशी जरा जास्तच वेळ थांबल्या आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागल्या. विमान पडल्यावर चौथ्या दिवशी दादांचा थोरला भाऊ पत्रा आणायला वर गेला होता. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, घराला पत्रा हवा होता. कसलातरी गोळा हातात फुटला. लष्कराची बंदी, पोलिसांची भीती. सासऱ्यांनी रातोरात त्याला पुरला, साप चावला म्हणून सांगितलं आणि गोऱ्यांच्या ओळीत त्याचाही चिरा बसवला, म्हणजे कोणी विचारायला नको. दादा त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. बापाने मरताना त्यांच्याकडून हे कोणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं.

नऊ बूट वगैरे काही नव्हतं. ते दादांनी माझ्यासाठी रचलं होतं, आणि मी त्यावर वर्ग हसवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं ओळख, घरचं अन्न खाल्लेलं, मला एका शब्दाने सांगू नये? मी तसं वहिनींना म्हटलंसुद्धा, जरा दुखावूनच.

"ते म्हनायचे," वहिनी म्हणाल्या, "बाईंना सांगितलं तर बाई खरं लिवतील."

खरंच लिहिलं असतं. त्या चार नावांखाली, मोठ्या अक्षरात, पाहुण्यांदेखत. आपण केवढं चांगलं काम केलं म्हणून मिरवलंही असतं. म्हातारपणी आपल्याला कोणी इतकं नेमकं ओळखून होतं हे कळावं आणि तो माणूस नसावा... मी तिथेच दगडावर बसून रडले. वहिनी रडल्या नाहीत. टोपली झटकून त्यांनी ती काखेत घेतली.

उतरताना मी त्यांना विचारलं, आता लिहू का? त्या चार पावलं चालल्या. मग म्हणाल्या, लिवा, आता पोलीस कोणाला नेतील? पण बोर्डावर नको, तो काही विमानातला नव्हता. म्हणून हे इथे लिहिते आहे. पाचव्याचं नाव देवराम. आमच्या लहानूदादांचा भाऊ.