तीन नंबरच्या भट्टीची फाइल

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही ठेवायची इच्छा नाही... पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

२००३ साल. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्युटर सांभाळायचे. लोखंड वितळवणाऱ्या चार भट्ट्या, प्रत्येकीला एक लिनक्स मशीन, म्हणजे कॉम्प्युटर. भट्टी थंड ठेवणारं पाणी किती तापलं की भोंगा वाजवायचा, तो आकडा मशीनच्या सेटिंगच्या, म्हणजे कॉन्फिग फाइलमध्ये असायचा — पंचावन्न अंश. माझे सीनियर, कांबळे साहेब, यांनी तो ठरवलेला. ते आदल्या दिवाळीत काविळीनं गेले.

भोंगा सारखा वाजतो, काम थांबतं, म्हणून मॅनेजर म्हणाले, "पासष्ट करा." मी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली — चारही फाइलींत जागच्या जागी आकडा बदलणारी.

तीन नंबरच्या भट्टीवरचे तानाजीमामा म्हणाले, "ताई, कांबळे सायबांनी इचार करूनच ठेवलं असंल की."

"वरून ऑर्डर आहे, मामा."

दुपारी स्क्रिप्ट चालवली. तीन फाइली बदलल्या. तीन नंबरच्या फाइलीत मात्र पंचावन्नच. त्या मशीनसमोर जाऊन बसले, पुन्हा चालवली. पासष्ट झालं, डोळ्यांनी पाहिलं. चहा घेऊन आले तर... पंचावन्न. असं पाच वेळा. नेटवर्कची वायर काढली, तरी तेच. दुसरं कुणी लॉगिन नव्हतं, आपोआप चालणारं कामही लावलेलं नव्हतं.

सहाव्यांदा फाइल उघडली, तर आकड्याच्या वर एक नवी ओळ. इंग्रजी अक्षरांत मराठी — 'हात लावू नको गं'.

ऑफिसात मला 'अगं-तुगं' फक्त कांबळे साहेब करायचे.

मग वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. रागानं ती ओळ खोडली, पासष्ट लिहिलं आणि फाइल लॉकच करून टाकली. या वेळी आकडा टिकला.

चौथ्या दिवशी सकाळच्या पाळीत पाणी त्रेसष्टवर गेलं. भोंगा गप्पच. तीन नंबरच्या भट्टीभोवतीची पाण्याची नळी, म्हणजे कॉइल फुटली, पाणी वितळलेल्या लोखंडात गेलं — स्फोट झाला. तानाजीमामा जागीच गेले.

"आकडा तुम्हीच बदलला ना, मॅडम?" चौकशीत मॅनेजरनी विचारलं. ऑर्डर तोंडी होती.

नंतर मी बॅकअप पाहिले, मशीननं ठेवलेल्या नोंदी, लॉग पाहिले. ती ओळ कुठंच नाही. कुणी लिहिली, हे मला आजही सांगता येत नाही.

दहाव्याला गेले होते. मामांच्या बायकोनं माझा हात धरून विचारलं, "ताई, भोंगा का वाजला न्हाय वो?"

त्याचं उत्तर मात्र मला माहीत होतं.