दोन डाव्या बाह्या

"दोन्ही डाव्या आहेत."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग उजवी दाखवा. मी कुठे नाही म्हणतेय?"

मास्तरांनी टेबलावरच्या दोन्ही मखमली बाह्या उचलल्या आणि एकीवर एक ठेवल्या. तंतोतंत जुळल्या. जुळायला नको होत्या. मग त्यांनी एक पालथी करून पाहिली. आकार उजव्या हाताचा झाला खरा, पण मखमल आत गेली आणि बाहेर आली ती कापडाची फिकट, टक्कल पडलेली पाठ.

"आता अशी उलटी घालून वाजवायचं का त्यानं?" मास्तरीण म्हणाली. कापायचं काम मास्तरांचं, आणि बाह्या जोडणं, अस्तर, काजं हे सगळं तिचं. जोडायला म्हणून तिनं बाह्या हातात घेतल्या होत्या आणि तशीच उभी राहिली होती.

"तू जरा गप्प बस."

"गप्पच होते. तुम्ही कापत होता तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही. तिथंच चुकलं माझं."

कोट व्हायोलिनवाल्याचा होता. गडद जांभळी मखमल त्यानंच कुठूनशी आणलेली, आणि देतानाच सांगितलं होतं की हा रंग दुकानात संपला, आता मिळायचा नाही. उद्या त्याचा कार्यक्रम, आज संध्याकाळी ट्रायल. डाव्या हाताचं एवढं काही नाही, तो वाद्य धरून बसतो. उजवा हात गज चालवणार, वर जाणार, खाली येणार, सगळे त्याच हाताकडे बघणार. नेमकी त्या हाताची बाही नव्हती.

साधं कापड असतं तर दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापल्या असत्या. मखमलीचे पदर एकमेकांवरून सरकतात, म्हणून ती एकपदरी पसरायची. पुठ्ठ्याचा साचा ठेवून एक बाही आखायची, मग साचा पालथा करून दुसरी. काल शिकायला लागलेल्यालाही हे पहिल्यांदा सांगतात.

"साचा पालथा केला होता का?"

"केला होता."

"आठवतंय?"

"म्हणजे, करतोच मी."

"आठवतंय का विचारलं."

मास्तरांना आठवत नव्हतं. साचा उचललेला आठवत होता, बाजूला सरकवलेला आठवत होता. मधला वेळ कुणी कात्रीनं कापून नेल्यासारखा.

खरं तर त्या मधल्या वेळाचाच सगळा घोळ होता. एवढी वर्षं मास्तर कापड मांडत, आखत, कात्री टेबलावर ठेवत आणि मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन एक सिगारेट ओढत. ती विझेपर्यंत अख्खा कोट त्यांच्या डोक्यात कापून, शिवून, घालून, आरशापुढे वळून झालेला असे. काही चुकलं असेल तर ते तिथंच, धुरात दिसे. आत येऊन ते खडूची एखादी रेघ पुसत, आणि मग कात्री थांबत नसे. आता सिगारेट नव्हती. आखलं की कापलं.

सोडायचं वेड काही आजचं नव्हतं. एकदा त्यांनी बोटांत सिगारेटीऐवजी खडू धरून पाहिला. गिऱ्हाइकं ओठांवरची पांढरी रेघ बघून विचारायची, मास्तर, ॲसिडिटी का? मग दंडावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या आणल्या. त्यातली एक गळून एका बँकवाल्या साहेबांच्या कोटाच्या अस्तराला चिकटली आणि आतल्या आत शिवली गेली. साहेब पुढच्या वेळी म्हणाले, या कोटात काय आहे कळत नाही, पण मीटिंगमध्ये चित्त लागतं. मुलीची शपथ घेऊन झाली. ती शपथ संध्याकाळपर्यंतही टिकली नाही आणि मुलगी, तेव्हा लहान होती, कितीतरी दिवस विचारत राहिली, बाबा, मला काही होणार तर नाही ना? तेव्हापासून शपथेच्या बाबतीत मास्तरांनी कानाला खडा लावला.

यावेळी त्यांनी काहीच केलं नव्हतं. एका सकाळी पाकीट संपलं आणि ते नवं आणायला गेले नाहीत, इतकंच. नंतर जाऊ, उद्या जाऊ. मास्तरणीच्या लक्षात आलं ते खोकला थांबल्यावर. ती पहाटे दचकून उठली आणि हा माणूस इतका शांत का म्हणून तिनं नाकापुढे बोट धरून पाहिलं. कशानं सुटली हे मास्तरांना सांगता येत नव्हतं, त्यामुळे ती सुटलीय यावर त्यांचा स्वतःचाच पुरता विश्वास बसत नव्हता.

"आधीसारखं पायरीवर जाऊन उभं राहायचं ना," मास्तरीण जरा मवाळ झाली. "सिगारेट नको. नुसतं उभं राहायचं."

"राहिलो होतो."

"मग?"

"हात कुठं ठेवायचे कळेना. खिशात घातले, मागे बांधले. समोरची बाई खिडकीतून म्हणाली, कुणाची वाट बघताय का. मी म्हटलं, हो."

"कुणाची?"

"मला काय माहीत. आत आलो."

मास्तरणीला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच ठाऊक. ती मागच्या दारानं निघून गेली. मास्तरांनी उरलेला तुकडा पसरला, साचा ठेवला, उचलला, पालथा केला, परत सुलटा केला. आता कुठली बाजू कुठली, याचाच त्यांना भरवसा वाटेना. त्यांनी स्वतःचा उजवा हात वर करून बघितला.

ती परत आली आणि तिनं कापडाशेजारी एक सिगारेट आणि काडेपेटी ठेवली.

"हे काय?"

"दिसतंय ते. ओढा आणि कापा. या तुकड्यात एक बाही बसते, मी मघाशीच लावून पाहिलंय. एकच. दुसऱ्यांदा चुकायला कापड नाही."

"अगं, लग्न झाल्यापासून माझ्या कानीकपाळी ओरडतेयस, सोडा म्हणून."

"ओरडत होते. आता म्हणते ओढा."

"आणि उद्या?"

"उद्या परत सोडा. तुम्हाला सोडायची सवय आहे."

मागच्या दारात शेजारचा इस्त्रीवाला डोकावला. "मास्तर, सिगारेट तुमच्यासाठी होती होय? वहिनी म्हणाल्या अर्जंट आहे. मला वाटलं, आता वहिनीच."

"तू जा बाबा, तिकडे कुणाची तरी कॉलर जळेल," मास्तरीण म्हणाली.

"जातो. पण एक सांगू? सिगारेटनं कुठं हात चालतो. माझ्या वडलांनी आयुष्यात कधी ओढली नाही, तरी म्हातारपणी एका पँटला दोन-दोन इस्त्रीच्या घड्या पाडायचे. पाडायचे आणि म्हणायचे, काल एकच होती." एवढं बोलून तो गेला.

मास्तरांनी सिगारेट उचलली, नाकाशी नेली, कानामागे अडकवली, काढली, परत टेबलावर ठेवली. मग कात्री हातात घेतली. मग तीही ठेवली.

"समजा ओढली आणि नीट कापलं," ते म्हणाले, "तर यापुढे कोटागणिक एक लागणार. ते मला समजतं."

"हं."

"न ओढता कापलं आणि परत डावीच निघाली, तर निदान म्हणता येईल, सिगारेट नव्हती म्हणून."

"म्हणा की."

"पण ओढली आणि तरीही डावीच निघाली, तर?"

मास्तरणीनं गळ्यातली टेप काढली आणि बोटांभोवती गुंडाळायला लागली. घट्ट, मग आणखी घट्ट.

"तेव्हा कशावर ढकलायचं, सांग ना."

"व्हायोलिनवाला यायच्या आत काय ते ठरवा."

"तेच ठरवतोय. तू मदत कर." मास्तर टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आले. आवाज उगीचच खाली गेला, दुकानात तिसरं कुणी नसताना. "मी कापलेलं सगळं तुझ्या हातात येतं. एक खरं सांग. चुका सिगारेट सुटल्यापासूनच व्हायला लागल्या, का आधीही होत होत्या आणि तू मला न सांगता निस्तरत होतीस?"

मास्तरणीनं टेपची गुंडाळी दोन डाव्या बाह्यांवर ठेवली. मशीनवरचा दिवा बंद केला. पायात चपला सरकवल्या. "तेवढं मला विचारू नका."

"अगं, पण तेच विचारतोय मी."

पुढच्या दारानं ती रस्त्यावर उतरली आणि मागे न बघता चालायला लागली.