कझाक लेखकांच्या घरातलं दुसरं टेबल

कुंदाकाकू गेल्याचं त्यांच्या मुलाने, रोहनने, मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास फोन करून सांगितलं. "मावशी, आई गेली. झोपेतच. पेन नव्हतं, दुखलं नाही काही," एवढंच तो बोलला. पुढचं त्याला इंग्रजीतही जमलं नाही. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, शनिवार तरी मिळाला. आधीच्या शनिवारी काकूंच्या मनावरचं एक जुनं ओझं उतरलं होतं. हा लेख त्या ओझ्याबद्दल आहे आणि त्यात माझ्या एका चुकीची दुरुस्तीही आहे. सहा वर्षांपूर्वी याच पुरवणीत मी अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या एका घराबद्दल लिहिलं होतं. त्या लेखातलं एक वाक्य खरं नव्हतं.

ते घर काकूंच्या शेजारचं. दुमजली, लाकडी, पुढे मेपलचं झाड. तिथे बोलात आणि राउशान हे कझाक दांपत्य राहायचं. ते कादंबऱ्या लिहायचे, त्या कविता. दोघंही कझाक भाषेतच लिहीत, त्यामुळे गल्लीत त्यांचं लेखन वाचू शकणारं कुणी नव्हतं. काकू मूळच्या अमरावतीच्या, युनिव्हर्सिटीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं काम केलेल्या, काका गेल्यापासून एकट्या. राउशान वयाने मोठ्या, म्हणून काकू त्यांना 'राउशानताई' म्हणत आणि बोलात यांना कझाक रीतीने 'आगा', म्हणजे मोठा भाऊ. त्यांची मुलगी सौले काकूंना 'कुंदा-अपाय' म्हणते, अपाय म्हणजे मोठी बहीण किंवा मावशी. ही ओळख सुरुवातीला बिघडली होती. राउशान पहिल्यांदा आल्या तेव्हा काकूंनी आपल्या रीतीप्रमाणे कप काठोकाठ भरून चहा दिला. राउशान तो संपवून लगेच उठल्या. काकू दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेल्या, तर वाटीत जेमतेम निम्मा चहा. "मनात म्हटलं, बाई कंजूष दिसते," काकू सांगायच्या. "आणि ती घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली होती, शेजारणीने मला हाकलून दिलं." कझाक घरात निम्मी वाटी म्हणजे बसा, मी पुन्हा ओतते; भरलेली वाटी म्हणजे घ्या आणि निघा. दोघी तीन महिने एकमेकींवर रुसून होत्या. शेवटी बोलात यांनी कुंपणापाशी उभं राहून काकूंना हे समजावून सांगितलं.

बोलात गेले, मग दोन वर्षांनी राउशानही गेल्या. सौले शिकागोला असते. तिने खालचा मजला आईवडिलांच्या आठवणीसाठी तसाच ठेवला आणि दर शनिवारी दुपारी एक ते चार तो लोकांसाठी उघडायला सुरुवात केली. सिरिलिक अक्षरांचा टाइपरायटर, भिंतीवर दोम्ब्रा हे दोन तारांचं वाद्य, लोकरीच्या नमद्याचा गालिचा, पुस्तकांची दोन कपाटं आणि ओक लाकडाचं लिहायचं टेबल. किल्ली काकूंकडे. त्या दोघांचं एक अक्षरही न वाचता आलेली बाई सात वर्षं त्यांचं घर दाखवत होती, आणि उत्तम दाखवत होती. थंडीत महिना महिना कुणी फिरकत नसे, तरी एक वाजता काकू दार उघडून पायऱ्यांवरचा बर्फ काढून ठेवत. मी गेले तेव्हा माझ्याशिवाय फक्त एक विद्यार्थी होता, बसची वाट बघायचा कंटाळा आला म्हणून आत शिरलेला. काकूंनी त्यालाही पूर्ण घर दाखवलं. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर शाईचा मोठा डाग होता. "हा आगांचा. शेवटची कादंबरी लिहिताना बाटली कलंडली," त्या म्हणाल्या. मी ते लिहून घेतलं आणि छापलं. पुण्याच्या दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक असताना एकाच माणसाच्या सांगण्यावरून आलेल्या कितीतरी बातम्या मी परत पाठवल्या होत्या. ही मी स्वतः लिहिली होती.

या जानेवारीत काकूंनी बोलावून घेतलं. कॅन्सर पसरला होता, त्यांनी उपचार थांबवले होते आणि हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या शुश्रूषेची, नर्स रोज घरी येत होती. रोहन अ‍ॅशबर्नहून येऊन राहिला होता. त्याला त्यांनी औषधं आणायला पाठवलं, मग मला पलंगाजवळ बसवलं.

"ते टेबल आगांचं नाही," त्या म्हणाल्या.

"कुठलं टेबल?"

"शेजारचं. तू पेपरात छापलंस ते."

मग त्यांनी क्रमाने सांगितलं. मध्ये दम लागत होता, पण हकिगत कुठे तुटली नाही. बोलात गेल्यावर सौले आईला शिकागोला घेऊन गेली. झाडांना पाणी घालायला आणि टपाल उचलायला किल्ली काकूंकडे दिली. कझाक लोक चाळीस दिवस पाळतात, राउशान चाळिसाव्यानंतर परतणार होत्या. काकूंच्या हिशेबी मात्र दिवस तेरा. अमरावतीला त्यांच्या वडिलांचं अंथरूण, छत्री, चपला, सगळं तेराव्याला देऊन टाकलं होतं. गेलेल्याच्या वस्तू समोर राहिल्या की मागच्याला उठवत नाही, हे त्यांच्या आईचं म्हणणं. तेराव्या दिवशी त्या बोलात यांच्या खोलीत गेल्या. खुर्चीवर कोट होता, खाली बूट, टेबलावर दिवा... राउशानताई येऊन हे बघणार, या विचाराने त्यांनी गल्लीतल्या एकाचा पिकअप ट्रक मागितला आणि कोट, बूट, दिवा, टेबल सगळं गावातल्या थ्रिफ्ट स्टोअरला, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, देऊन आल्या. खोली झाडून पुसून ठेवली. घरी येऊन शांत झोपल्या.

दोन आठवड्यांनी राउशान यांचा फोन आला. बोलात यांची खोली जशीच्या तशी ठेवायची असं मी आणि सौलेने ठरवलंय, लोक बघायला येतील, असं त्या म्हणाल्या. काकू फोन ठेवून तशाच दुकानात गेल्या. कोट, बूट आणि दिवा अजून तिथेच होते, ते त्यांनी परत आणले. टेबल गेलं होतं. कुणी नेलं याची नोंद दुकान ठेवत नाही. पुढचे दहा दिवस त्या आसपासची जुन्या फर्निचरची दुकानं पालथी घालत होत्या. ओकचं, तीन खणांचं एक मिळालं. शाईच्या डागासकट. डाग कुणाचा, देव जाणे.

"राउशानताईंना कळलं नाही?"

"आली, टेबलापाशी उभी राहिली, रडली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आहे, दिसलं नसेल. मग ती गेली, लोक यायला लागले, मी सांगत गेले. पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर नाही अडखळली, त्याचंच वाईट वाटतं." मग त्या म्हणाल्या, "आणि तू पेपरवाली ना गं? आणखी कुणाला विचारायचं नाहीस का? तू छापलंस आणि माझा परतीचा रस्ता बंद झाला."

मी वही काढली.

"सौलेला सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मी आहे तोवर. मेल्यावर कळलं तर ती चिडणार कुणावर?"

मी त्याच संध्याकाळी सौलेला फोन केला. काकूंना तुला काहीतरी स्वतः सांगायचं आहे, आणि वेळ फार नाही, एवढंच सांगितलं. ती शनिवारी येते म्हणाली. शुक्रवारी बर्फ सुरू झाला. शिकागोहून एरवी साडेचार तास लागतात. काकू शनिवारी सकाळपासून रोहनला खिडकीतून रस्ता बघायला लावत होत्या. दुपारी दुखण्याचं औषध द्यायची वेळ झाली, ते त्यांनी घेतलं नाही. गुंगी येते, बोलता येणार नाही म्हणाल्या. रोहन वैतागला. "आई, प्लीज, शी विल वेट." "ती थांबेल रे," काकू म्हणाल्या, "मी थांबेन का ते बघ." सौले पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते, तिच्या बुटांना गुडघ्यापर्यंत बर्फ लागलेला होता.

बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत देते. काकूंनी प्रस्तावना केली नाही. खोलीतलं टेबल तुझ्या वडिलांचं नाही, त्यांचं मी देऊन टाकलं, हे दुसरं मी आणून ठेवलं, आणि इतकी वर्षं लोकांना खोटं सांगितलं. एवढं एका दमात बोलून त्या थांबल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सौले म्हणाली, "मला माहीत आहे."

आई परतली त्याच रात्री तिने फोनवर सांगितलं होतं. बाबांच्या टेबलाचे खण उजवीकडे होते, याचे डावीकडे आहेत. पन्नास वर्षांच्या संसारात हे कुठल्या बाईला कळणार नाही? सौले तेव्हा चिडली होती, लगेच निघून येते म्हणाली होती. आईने तिला थांबवलं. ती म्हणाली, आपल्याकडेही मोठं माणूस गेलं की त्याच्या वस्तू लोकांना देतात, त्याचं आयुष्य त्यांना लाभावं म्हणून. ते आपण करायला हवं होतं, कुंदाने केलं. फक्त विचारलं नाही. आणि कळल्यावर बिचारी थंडीत दहा दिवस दुसरं टेबल शोधत फिरली. आता तिला काही बोलायचं नाही.

काकूंनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला खोटं बोलू दिलंत?"

"बोलले असते तर तुम्ही यायचं बंद केलं असतंत."

"केलं असतं," काकू म्हणाल्या.

"आणि तो शाईचा डाग, अपाय... बाबा शाईने लिहायचेच नाहीत. पेन्सिलीने लिहायचे. मी इथे आले की मला दर वेळी तिथून बाहेर जावं लागायचं, हसू यायचं म्हणून."

काकू हसल्या. हसताना खोकला आला, रोहन धावत आला, औषध देऊ लागला. या वेळी त्यांनी निमूटपणे घेतलं. गुंगी चढायच्या आधी मला म्हणाल्या, "पेन्सिल. लिहून घे. आता नीट छाप." सौले संध्याकाळपर्यंत त्यांच्या उशाशी होती. पुढचे दोन दिवस त्या बहुतेक झोपून होत्या. नर्सने रोहनला सांगितलं, की इतकी शांत झोप तिने या घरात महिन्याभरात पाहिली नव्हती.

तेव्हा दुरुस्ती अशी. या पुरवणीत वर्णन केलेल्या टेबलावर बोलात यांनी काहीही लिहिलं नाही. त्यावरचा डाग त्यांचा नाही. चूक माझी.

काकूंना जाऊन पाच आठवडे झाल्यावर सौलेने घर पुन्हा उघडलं. टेबलावर ठेवायची पाटी तिने मला लिहायला सांगितली. मी आधी मराठीत लिहिली, कारण त्यातली सगळी माहिती मला मराठीतच मिळाली होती: "हे टेबल शेजारी राहणाऱ्या कुंदा यांनी आणून इथे ठेवलं. सात वर्षं दर शनिवारी त्या इथे बसून आलेल्यांना घर दाखवत." सौलेने माझ्याकडून अर्थ समजून घेतला आणि खाली कझाक आणि इंग्रजीत लिहिलं. एक वाजता डेट्रॉइटहून एक जोडपं आलं. बाईंनी खाली वाकून पाटी वाचली, खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुंदा यांनी काय लिहिलंय? कविता की कादंबऱ्या?"

"काही नाही," सौले म्हणाली. "त्या शेजारीण होत्या." मग ती त्यांना वडिलांच्या पेन्सिली दाखवायला कपाटाकडे घेऊन गेली.