कोड्यात न आलेला अवयव

भाच्याचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत बसले होते. ‘आत्या, बाबा गेले...’ एवढंच म्हणाला. मी ‘बरं’ म्हटलं आणि शेंगा संपेपर्यंत सोलत राहिले. रडू आलं ते रविवारी, पुरवणी दारात पडली तेव्हा.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. सावेडीतल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचा, निवृत्तीनंतर इथल्या एका दैनिकाच्या पुरवणीत शब्दकोडं द्यायचा. प्रत्येक कोड्यात शरीराचा एक तरी भाग हवाच, हा त्याचा हट्ट. बरगडी, पापणी, टाच, प्लीहा... काहीही. छापायला जाण्याआधी कोडं मी सोडवून बघायचं. चहा त्याचा, कुरकुर माझी. ‘प्लीहा कोणाला येणार रे? सुट्टीच्या दिवशी तरी लोकांना सुखाने जगू दे,’ मी म्हणायचे. ‘अक्का, आपल्याच पोटात आहे ती, ओळख नको का?’ हे त्याचं ठरलेलं उत्तर.

एकदा त्याची जुनी विद्यार्थिनी बाजारात भेटली. तिची आई डायलिसिसला जायची आणि तिथे वेळ जायला कोडं सोडवायची. ‘पण सर, परवा “रक्त गाळणारा अवयव” आला, आणि आईने पेपर घडी करून ठेवून दिला.’ सुधाकर त्या दिवशी नीट जेवला नाही. तेव्हापासून ओळखीत कोणाचं काही दुखत असलं, की तो अवयव कोड्यातून बाद. माणूस बरा झाला की लगेच हजर. माझा गुडघा बदलला, मी काठीशिवाय त्याचा जिना चढले, आणि पुढच्याच रविवारी ‘गुडघा’ आला, आडव्या शब्दांत पहिलाच. मला मेलीला तेवढ्यानेच भरून आलं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तीन घरांचा शब्द, पहिलं अक्षर य, शेवटचं त. सूचना न वाचताच मी ‘यकृत’ लिहून मोकळी झाले. बघते तर सूचना, ‘पुणे जिल्ह्यातलं एक गाव’. यवत! मला हसूच आलं. ‘अरे जीवशास्त्राच्या मास्तरा, यकृत इतकं आयतं बसतंय आणि तू यवतला कुठे निघालास?’ त्याने कप उचलला, परत ठेवला. मग माझ्या ध्यानात आलं.

‘कोणाचं?’ मी विचारलं.

‘माझं,’ तो म्हणाला. ‘मुलांना अजून सांगितलेलं नाही.’

त्यानंतर दर आठवड्याला कोडं हातात आलं की मी आधी तोच शब्द शोधायचे. तो आला म्हणजे सुधाकर बरा झाला, एवढंच मला कळत होतं. त्याचे डोळे पिवळे पडले, पोटात पाणी झालं, तरी मी आपली शोधत होते. शेवटी शेवटी दवाखान्यात तो सूचना सांगायचा, मी लिहून घ्यायचे. ‘यकृत कधी रे?’ एकदा न राहवून विचारलं. ‘बघू,’ म्हणाला, आणि पुढची सूचना सांगायला लागला.

आता पुरवणीचं कोडं मी करते, त्याच्याच टेबलाशी बसून. या आठवड्याचं जवळजवळ झालं होतं, शरीराचा भाग तेवढा राहिला होता. पेन्सिल हातात धरून खूप वेळ बसले... मग ‘यकृत’ लिहिलं. नियम त्याचाच होता, मी मोडलेला नाही. आता कोणाचंच दुखत नाही.