मोरेश्वर समोर असला की चालणारी पेटी

पेटी चालत होती, पण मोरेश्वर तिच्यासमोर बसला असेल तेवढ्यापुरतीच. सकाळी अकरापासून त्याने हा खेळ तीनदा पाहिला होता. लॅपटॉपची केबल पेटीला जोडायची, आत शिरायचं, प्रोग्रॅम हाताने सुरू करायचा, की पेटी शहाण्या लेकरासारखी वागायची. भिंतीवरचं बटण पाडून वीज तोडली आणि पुन्हा दिली, की तिचा हिरवा दिवा तेवढा लागायचा. आत सामसूम.

पंपाच्या शेडच्या दारात लोरेटाबाई काठीवर रेलून हे पाहत होत्या. वय सत्तरीच्या पुढे, उजवा खुबा दोन महिन्यांपूर्वीच बदललेला.

“तिचं तुझ्यावर मन बसलंय,” त्या म्हणाल्या. “इथे खाट टाकून देऊ का तुला? जेवणाचं मी बघते.”

“शेड चार आहेत, मॅडम. चार मोरेश्वर कुठून आणू?”

“एकाचंच ओझं झालंय मला.”

दोन हजार सहा सालचा मे महिना होता. न्यू जर्सीच्या दक्षिणेला, खुरट्या पाइनच्या रानात आणि पांढऱ्या वाळूत, बाईंची क्रॅनबेरीची, म्हणजे जमिनीलगतच्या वेलींवर लागणाऱ्या आंबट लाल फळांची, शेती होती. जमीन सपाट, ओली, भोवतीपेक्षा हातभर खोल. थंडी पाण्यासारखीच उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे वरच्या गावात अंगणातली फुलं हसत असताना खाली बाईंच्या वाफ्यांत दंव गोठायचं. वेलींवर नुकत्या कळ्या आल्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या कळ्या म्हणजे वर्षाचं सगळं पीक, आणि एक गोठलेली रात्र त्यांना पुरेशी होती. सकाळी रेडिओने सांगितलं होतं, आज रात्री पारा चोवीसवर जाईल. तिकडच्या मापाने पाणी बत्तिसाला गोठतं.

उपाय जुना आहे. थंडी उतरली की वेलींवर पाण्याचे तुषार सोडायचे आणि सकाळपर्यंत थांबवायचे नाहीत. पाणी गोठताना आपली ऊब सोडतं, आणि बर्फाच्या काचेआड कळी जगते. पूर्वी बाईंचे यजमान रात्रभर चार शेडमधून फिरून डिझेलचे पंप सुरू करायचे. ते गेले, बाईंचा खुबा गेला, आणि गेल्या ऑक्टोबरात मोरेश्वरच्या कंपनीने प्रत्येक शेडमध्ये एकेक पेटी बसवली. पेटीत लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा बोटभर संगणक. थंडी मोजायची आणि वेळ आली की पंप सुरू करायचा, एवढंच त्याचं काम.

हाताने सुरू करून निघून जाता आलं असतं, पण त्या रानातली विजेची तार नाजूक होती. गोठणाऱ्या रात्री शेजारच्या मोठ्या शेतांचे विजेचे पंप एकदम सुरू झाले की दिवे मंदावायचे, क्षणभर जायचे. वीज गेली की पेटी बंद, तिच्या हुकमावरचा डिझेलचा पंपही बंद, आणि वीज आली की पेटी पुन्हा सुरू. त्या वेळी तिला आपल्या पायांनी उठून उभं राहता आलं पाहिजे. हल्ली तेच तिला जमत नव्हतं. आठवड्यापूर्वीच्या वादळात वीज गेली आणि तेव्हापासून चारही पेट्या मुक्या झाल्या होत्या.

मोरेश्वर मूळचा जिंतूरजवळच्या एका वाडीचा. आयटीआय करून त्याने शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त केले. हात इतका बसलेला की मोटारीच्या आवाजावरून बिघाड सांगायचा. बायको शोभा केमिस्ट. अठ्ठ्याण्णव साली तिला औषधाच्या कंपनीने बोलावलं आणि तो तिच्या मागोमाग न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आला. तिला कामाची परवानगी होती, त्याला नव्हती. पाच वर्षं त्याने घर सांभाळलं. मराठी मंडळाच्या गणपतीत लोक विचारायचे, “काय मोरेश्वरराव, आज भाजी कोणती टाकलीत?” तो हसून “दोडका” म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात जाऊन लिनक्सचं जाडजूड पुस्तक उघडून बसायचा. कॉलेजचा कागद नव्हता, शिकवणारा नव्हता. पण कामाची मुभा देणारं हिरवं कार्ड आल्यावर पहिल्याच मुलाखतीत नोकरी मिळवली ती त्या पुस्तकांच्या जोरावर. तेव्हापासून ‘माझं चुकलं’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. ज्याला पाच वर्षं कुणी जमेत धरलं नाही, त्याला ते शब्द फार जड जातात.

आज सकाळी निघण्याआधीच त्याने साहेबांना, संजीवना, सांगून टाकलं होतं, “अंकुरचं काम कच्चं आहे. पोराने नीट बांधलेलं नाही.”

अंकुर पुण्याचा. शिक्षण संपवून वर्षापूर्वी कंपनीच्या इकडच्याच ऑफिसात लागलेला. पेटीतला प्रोग्रॅम त्याने लिहिलेला. शेडबाहेर एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच फोन लागायचा. मोरेश्वरने तिथून त्याला गाठलं.

“काका, माझ्या टेबलावर चालतंय यार.”

“तुझं टेबल इथे आणून ठेवू का? रात्री चोवीस होणार आहे.”

“तुम्ही ट्रेस घेतलात का?”

“घेतला. सगळं सापडतंय.”

“मग प्रोग्रॅम का मरतो?”

“ते तू सांगायचं. बांधलायस तू.”

“संजीवचा मेल आलाय मला,” अंकुर म्हणाला. “कच्चं काम म्हणून.” मोरेश्वर दगडावरून उतरला तसा फोन तुटला.

दुपारचे दोन वाजले. सूर्य अजून वर होता, पण वारा पडला होता. वारा पडला की थंडी खाली बसते, हे बाईंनी सांगायची गरज नव्हती.

प्रोग्रॅम एकटा कधीच नसतो. गावात लग्न निघालं की कुणी शंभर माणसांची पातेली विकत घेत नाही, देवळातली समाईक भांडी आणतो. तसंच प्रोग्रॅमचं. पुष्कळशी कामं त्याने समाईक लायब्रऱ्यांवर, म्हणजे सगळ्यांसाठी आधीच लिहून ठेवलेल्या कोडवर, सोपवलेली असतात, आणि जागा झाला की पहिलं काम म्हणजे ठरलेली दारं ठोठावत ती गोळा करणं. एक जरी मिळालं नाही तरी चूल पेटत नाही. अंकुर ज्या ट्रेसबद्दल विचारत होता, तो घेणारं एस-ट्रेस नावाचं एक हत्यार असतं. ते प्रोग्रॅमच्या मागे मागे चालतं आणि कुठलं दार ठोठावलं, कुठून हात हलवत परतला, ते ओळीने लिहून ठेवतं. मोरेश्वरने ते तीनदा चालवलं होतं. तिन्ही वेळा पहिल्याच दारात लायब्ररी मिळाली होती.

साडेतीन वाजता त्याने लॅपटॉप मिटला आणि नुसता पेटीकडे पाहत बसला. जिंतूरला असताना एक मोटार अशीच फक्त त्याच्यासमोर चालायची. मग तो झाडाआड लपून बसला होता. झाडाआडून दिसलं की मालक घाईने दुसरंच बटण दाबतो.

इथे झाडाआड बसायचं कसं?

पेटी जागी होताना जी यादी वाचते, तिच्यात प्रोग्रॅम सुरू करण्याची ओळ होती. तिथले सगळे संदेश जागा वाचवण्यासाठी फेकून दिले जात, म्हणून तक्रार कधी दिसत नव्हती. त्याच ओळीच्या आधी त्याने एस-ट्रेस जोडलं. लिहिलेलं एका फाइलीत साठव, असं सांगितलं. केबल काढली, वीज तोडली आणि दिली. मग शेडबाहेर जाऊन वाळूत उभा राहिला.

“आता काय?” बाईंनी विचारलं.

“मी नाहीये असं समजायचं, मॅडम.”

“ते सोपं आहे.”

दोन मिनिटांनी आत जाऊन त्याने फाइल उघडली. पहिलं दार, नाही. दुसरं दार, नाही. आणि मग प्रोग्रॅमचा शेवट. तो माग दोन दारांपुढे गेलाच नव्हता.

लायब्ररी होती तिसऱ्याच जागी. मुख्य कप्पा लहान म्हणून अंकुरने ती डाटाच्या कप्प्यात ठेवलेली. मग आपण बसलो की ती पहिल्याच दारात कशी मिळते? आत शिरताना दरवेळी जी फाइल आपोआप वाचली जाते, ती मोरेश्वरने उघडली. शेवटची ओळ सांगत होती, सगळ्यात आधी डाटाच्या कप्प्यात बघ. वर तारीख ऑक्टोबरची. पुढे दोन अक्षरं, ‘मो. जि.’

ती ओळ त्याची स्वतःची होती.

सगळं आठवलं. बसवायला आला तेव्हा प्रोग्रॅम लायब्ररी नाही म्हणत होता. दरवेळी वाट टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्याने ती आपल्या प्रवेशाच्या फाइलीत टाकली, आणि पुढच्या तिन्ही पेट्यांतही तशीच. अंकुरने फोनवर विचारलं होतं, “काका, लायब्ररी आपोआप सापडतेय ना? तिथे मला खात्री नाहीये.” तो म्हणाला होता, “सापडतेय.” खोटं नव्हतं. त्याला सापडत होती. पेटी एकटी असताना काय करते, हे पाहायला तो थांबला नव्हता. पेट्या त्याने हाताने सुरू करून दिल्या, आणि हिवाळाभर वीज गेली नाही.

चार वाजून गेले होते. आता ओळ जागच्या जागी ठेवून, लायब्ररीची वाट मुख्य यादीत गुपचूप घालता आली असती. अंकुरचं कच्चं काम मी पक्कं केलं म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पोराची वर्षाची उमेदवारी या महिन्यात संपत होती आणि नोकरी पक्की होते की नाही ते ठरणार होतं, तेही त्याला माहीत होतं.

तो दगडावर जाऊन उभा राहिला.

“अंकुर, तुझ्या लायब्ररीची वाट बांधलेली नव्हती, तेवढी चूक तुझी. पण ऑक्टोबरात तू विचारलंस तेव्हा ती मला दिसायला हवी होती. मी माझ्यापुरती वाट घालून ती झाकली. माझं चुकलं.”

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

“काका,” अंकुर म्हणाला, “आधी तुमची ती ओळ काढा. ती असेपर्यंत कुठल्याच टेस्टवर माझा भरवसा नाही.”

“काढतो.”

“मग सिस्टिम ज्या दारात नेहमी बघते तिथे लिंक टाका. मी टेबलापाशीच आहे, अडलं की फोन करा. जेवण कॅन्सल केलंय मी.”

मोरेश्वरने ओळ पुसली. हाताने प्रोग्रॅम सुरू केला, आणि तो त्याच्यासमोरही चालेना. दिवसभरात पहिल्यांदा पेटी खरं बोलली होती. मग त्याने लिंक टाकली, म्हणजे नेहमीच्या दारावर लायब्ररीच्या खऱ्या जागेची पाटी लावली. बाईंकडून प्लास्टिकच्या पेल्यात बर्फ मागवला आणि थंडी मोजणारी सळई वेलींतून उचलून त्यात खोचली, म्हणजे पेटीला वाटावं रात्र झाली. वीज तोडली, दिली, केबल काढून बाहेर आला.

एक मिनिट. दीड. पंप गप्प.

“बर्फ वितळतोय,” बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा माग काढला. लायब्ररी आता मिळत होती, पण त्या लायब्ररीला स्वतःसाठी आणखी एक हवी होती, आणि तिला तीच दोन बंद दारं. दगडावर जाऊन त्याने पुन्हा फोन लावला आणि नाव सांगितलं. “अरे हां, तीही तिकडेच आहे,” अंकुर म्हणाला. “सॉरी काका.” दुसरी लिंक. नवा बर्फ. पुन्हा वीज.

एक मिनिट चाळीस सेकंदांनी इंजिन खोकलं, धूर सोडला, आणि वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुषारांचे पांढरे पंखे एकामागोमाग फिरू लागले. शेडमध्ये कुणी नव्हतं. केबल मोरेश्वरच्या खांद्यावर लोंबत होती.

“काय मोडलं होतं?” बाईंनी विचारलं.

“मी मोडलं होतं, मॅडम. ऑक्टोबरात.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग उतरत्या उन्हाकडे. “सकाळी का नाही सांगितलंस?”

“सकाळी मला दुसऱ्याचं वाटत होतं.”

“हं. चौथ्या शेडचा रस्ता चिखलाचा आहे, तुझी गाडी फसेल. माझा ट्रक ने. आणि मला खुब्याला धक्के न देता वर बसव, बर्फाची बादली मी धरते.”

दुसरी शेड साडेसहाला झाली, तिसरी सव्वासातला. चौथीत काडीएवढा सूर्य उरला होता. बादलीतला बर्फ संपत आला होता आणि बाईंच्या श्वासाची वाफ दिसू लागली होती. तिथेही इंजिन सुरू झालं. मोरेश्वरने सळई पेल्यातून काढून पुसली आणि वेलींत जिथे होती तिथे ठेवली.

घरी पोहोचायला दोन तास लागले. शोभाने पानं घेतली होती. पण त्याने आधी संजीवना चार ओळींचा मेल लिहिला आणि सकाळचे शब्द परत घेतले. मग जेवला, पण झोप काही लागली नाही.

सकाळी सहाला बाईंचा फोन आला.

“रात्री वीज दोनदा गेली,” त्या म्हणाल्या. “मी खिडकीत बसून होते. दोन्ही वेळा पंप थांबले आणि आपले आपण उठले. आता सगळं रान काचेचं झालंय.”

“आणि कळ्या, मॅडम?”

“थांब. तुझ्याच दगडावरून बोलतेय, ब्लेड घेऊन आलेय.”

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग बर्फ कडाकडा फुटल्याचा, आणि लांबवर इंजिनाची घरघर. मोरेश्वर स्वयंपाकघरात उभा होता. शोभा चहाचं आधण तसंच सोडून त्याच्या तोंडाकडे पाहत होती. कळी उभी चिरायची असते. आत तपकिरी निघाली तर मेलेली.

“दहा चिरल्या,” बाई परत आल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. “कडेची एक गेलीय. बाकीच्या हिरव्या आहेत.”