अकरा फळांचा जॅम

अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे सहा महिने राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात मला खोकला धरला. शेजारची म्हातारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, लाल जॅमची बाटली घेऊन दारात उभी. आंबटगोड, थोडासा आपल्या मोरावळ्याच्या वळणाचा. महिनाभर पोळीला लावून मी तो फस्त केला. कशाचा आहे, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. आयतं मिळालं की कोण विचारतं!

तिच्या कुंपणावर जंगली गुलाबाचं दांडगं झुडूप होतं. पाच पाकळ्यांची गुलाबी फुलं, जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज नवी. सकाळी आंघोळ झाली की मी परडी घेऊन जायची आणि झाडून सगळी खुडायची. नागपूरला चाळीस वर्षं हेच केलं. जास्वंद असो, तगर असो, कुंपणाबाहेर डोकावलं ते देवाचं.

मुलगा वैतागायचा. "आई, लोकांच्या झाडाला हात नको लावूस. इथे असं चालत नाही."

"देवाला वाहते रे, माझ्या अंबाड्यात नाही घालत," मी फटकारायची.

वर हात पोचेना, तेव्हा कपड्यांचा हँगर वाकवून काठीला बांधला आणि वरच्या फांद्याही खाली ओढल्या. म्हातारी खिडकीतून बघायची, हात हलवायची. मला वाटायचं, बघा, हिला माझी भक्ती कळते. भक्ती कसली डोंबलाची, नुसता हावरटपणा!

ऑक्टोबरात पहिलं दव गोठलं आणि ती टोपली-कात्री घेऊन बाहेर आली. झुडपाभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. मग टोपली खाली ठेवून तशीच उभी राहिली. माझं इंग्लिश यथातथाच, म्हणून मी मुलाला ओढत नेलं.

तिचं ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला. "आई, फूल झाडावर राहिलं तर मागे फळ धरतं. जॅम त्या फळांचा. तू खाल्लास तो."

तिचा नवरा वृद्धाश्रमात होता. त्याला बायकोचं नावही आठवत नव्हतं, पण टोस्टवर हा जॅम दिसला की तेवढा मागून खायचा. मे महिन्यात तिच्याकडे दोनच बाटल्या उरल्या होत्या. एक तिने मला दिली. दुसरी, नवऱ्याची, संपून महिना झाला होता.

"मग ही बोलली का नाही?" माझा आवाज चढला. चूक माझी असली की तो आधी चढतो.

"तू देवासाठी नेतेस, असं मीच त्यांना सांगितलं होतं म्हणून. वरची तरी राहतील, असं वाटलं त्यांना."

वरची! हँगर अजून काठीलाच होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी त्या काट्यांत शिरले. मधल्या गचपणात अकरा फळं सापडली, बोराएवढी, लालभडक. हात कोपरापर्यंत ओरबाडले, बरं झालं. तिच्या किचनमध्ये आम्ही दोघींनी ती चिरली. आतल्या बिया आणि बारीक कुसं चमच्याने खरवडून काढायची, नाहीतर घसा खाजतो, हे तिने मला खोकून दाखवलं. मऊ शिजवून गाळलं, साखर घातली, लिंबू पिळलं. तीन चमचे जॅम झाला. चार महिन्यांची फुलं मी निर्माल्य म्हणून कचऱ्यात टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वृद्धाश्रमातून परतली, तेव्हा मी कुंपणापाशीच होते. मुलाला पुढे केलं. "विचार तिला, खाल्ला का त्यांनी?"

खाल्ला. हसलेसुद्धा. बाटली बोटाने पुसून घेतली आणि हात पुढे करून आणखी मागितला. ती निघेपर्यंत मागत होते.

माझ्या देवांनी चार महिन्यांत एकदाही फूल मागितलं नव्हतं.